मलाशाच्या खोलीतली दुपार

१

मलाशा वॉयकिनच्या घरामागे एक खोली होती आणि त्या खोलीत सकाळी सात वाजता रात्र व्हायची.

यात गूढ असं काही नव्हतं. फुलोऱ्यावर आलेल्या गांजाला बारा तास उजेड लागतो आणि बारा तास अंधार. अंधार म्हणजे अगदी मिट्ट. सुईच्या टोकाएवढा उजेड शिरला तरी झाडं बिथरतात. ऑगस्टात स्लोकनच्या खोऱ्यात दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा दिवसा दिवे लावले तर खोलीची भट्टी होणार. म्हणून मलाशानं दिवस आणि रात्र यांची अदलाबदल करून टाकली होती. संध्याकाळी सातला आठही एलईडी दिवे आपोआप लागत आणि सकाळी सातला विझत. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत चौसष्ट झाडं झोपलेली असायची. झाडं झोपली की दार उघडायचं नाही, हा त्या खोलीचा एकच नियम होता.

खोलीही जुनीपुराणी नव्हती. चार वर्षांपूर्वी नवरा, पीटर, गेल्यावर मलाशानं ती उभी केली. त्याआधी तिथे बटाटे लावलेले असत. बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद, आतून पांढरी, खिडकी नाही. तीन भिंती लाकडाच्या. चौथी, मागची, काँक्रीटची, कारण ती टेकडीच्या पोटात गेलेली. तिच्यामागे नुसती माती होती, दहा फूट, वीस फूट, थेट डोंगरापर्यंत. दार त्या भिंतीच्या बरोबर समोर, घराच्या बाजूला. दार उघडून तीन पायऱ्या उतरलं की मलाशाचं स्वयंपाकघर.

मलाशाची माणसं दुखोबोर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रशियाच्या झारपुढे शपथ घ्यायला नाही म्हणाली, हत्यारं जाळून मोकळी झाली आणि शेवटी इथे, कॅनडाच्या या डोंगरात, येऊन राहिली. नाही म्हणणं त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. मलाशाच्या वाट्याला त्यातला जरा जास्तच हिस्सा आला होता, असं तिचा धाकटा दीर वासिल म्हणायचा, आणि ते कौतुक नसायचं.

जमीन अर्धी मलाशाच्या नावावर होती आणि अर्धी वासिलच्या. वासिलला ती विकून मोकळं व्हायचं होतं आणि वहिनीला कॅसलगारला लिफ्ट असलेल्या इमारतीत बसवायचं होतं. मलाशाला इथेच मरायचं होतं. दोन वर्षं वाद घालून दोघं थकले तेव्हा करार झाला. या वर्षीचा माल परवान्याच्या तपासणीत नीट पास झाला, खरेदीदारानं उचलला, तर वासिल आपला हिस्सा वहिनीच्या नावे करणार. नाही झाला, तर वहिनी मुकाट्यानं सही करणार. मुकाट्यानं हा शब्द वासिलनं मुद्दाम घातला होता.

फुलोऱ्याचा पाचवा आठवडा. मंगळवारी संध्याकाळी सातला मलाशा काळा चष्मा लावून आत गेली. राळेचा आणि ओल्या पाइनचा वास दाटलेला होता. तुरे बोटभर जाड झाले होते, पांढऱ्या केसांनी भरले होते. ती एकेका रांगेतून माया केल्यासारखी हात फिरवत गेली आणि शेवटच्या रांगेशी थांबली.

दिवे छताला होते. साहजिकच पानंही वर बघत असायची. पण शेवटच्या रांगेतल्या आठही झाडांनी पानं मागच्या भिंतीकडे वळवली होती.

तिथे काहीच नव्हतं. कोरी भिंत, आणि कोपऱ्यात पंखा. मलाशानं मान हलवली, चष्मा पुसला आणि खाली वाकून फांद्या तपासल्या. मधल्या झाडाच्या एका तुऱ्यात पिवळं, वाकडं, तांदळाएवढं काहीतरी फुटलं होतं. गांजा लावणारे त्याला केळं म्हणतात. मादी झाडाला भीती वाटली की ते असं स्वतःतच नर काढतं. केळं फुटलं की पराग, पराग उडाला की बी, आणि एका झाडाच्या बीपायी अख्खी खोली जाते.

२

कुझ्मा स्ट्रेलिऑफ शेजारच्या वळणावर राहायचा. हा धंदा कायद्यात बसत नव्हता त्या काळात त्यानं तीस वर्षं जंगलात गांजा लावला, आठ महिने तुरुंगात काढले आणि आता परवाना घेऊन लावणाऱ्यांना फुकट सल्ले देत फिरायचा. चिमट्यानं काढलेलं केळं त्यानं तळहातावर घेऊन पाहिलं.

"उजेड शिरतोय," तो म्हणाला. "भरदुपारी आत जाऊन बस. पुरता तासभर. डोळे अंधाराला सरावले की भोक आपणहून दिसेल."

"दार उघडायचं नाही ना झोपेत?"

"सकाळी सातच्या आधी आत शिर आणि संध्याकाळी सातला बाहेर ये. डबा ने. तुझ्या दिराला सांगू नको, तो म्हणेल वहिनीला वेड लागलं. म्हणजे ते तो तसंही म्हणतोच."

हे सगळेच करतात. अंधारात बसून भोक शोधणं हे या धंद्यातलं रोजचं काम, त्यात बहादुरी नाही. बुधवारी पावणेसातला मलाशा स्टूल, पाण्याची बाटली आणि बटाट्याच्या दोन कचोऱ्या घेऊन आत गेली आणि खोलीच्या मध्यावर बसली. सातला दिवे विझले.

पहिली दहा मिनिटं डोळ्यांपुढे जांभळे ठिपके नाचले. मग तेही गेले. चार पंखे चार सुरांत घुमत होते. बाराच्या सुमारास, बाहेर ऊन तापलं असेल तेव्हा, तिला पहिलं भोक दिसलं. दाराच्या खालच्या रबरी पट्टीत केसाएवढी फट. मग दुसरं, ओल शोषणाऱ्या यंत्राचा हिरवा मिणमिणता दिवा. तिनं चाचपडत जाऊन दोन्हींवर काळी पट्टी चिकटवली. तिला खूप बरं वाटलं, कारण आता दोष कुठे होता ते कळलं होतं.

त्यानंतर एकदाच काहीतरी झालं. मागच्या पंख्याचा आवाज दबला. पंख्यासमोरून माणूस चालत गेलं की आवाज घोगरा होतो आणि पुन्हा सुटतो, तेवढाच वेळ. वीज कमी-जास्त झाली असणार, मलाशा मनाशी म्हणाली. या खोऱ्यात वीज म्हणजे लहरी जावई, कधी रुसेल नेम नाही. पण बाकीचे तीन पंखे त्याच सुरात घुमत राहिले होते, हे तिला कळलं होतं. ते तिनं बाजूला सारलं आणि दुसरी कचोरी खाल्ली.

३

भोकं बुजली, पण केळी थांबली नाहीत. गुरुवारी सहा, शुक्रवारी अकरा. मलाशा रोज रात्री दोन-दोन तास वाकून ती उमलायच्या आत चिमट्यानं खुडायची. कंबर मोडायची, पण एकही उमलू दिलं नाही तिनं. आणि ती कुठेही फुटत नव्हती. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांनाच फुटत होती, मागच्या भिंतीपासून पुढे पुढे.

उजेड कुठून येतो ते विचारायचं तर कोवळ्या रोपाला विचारावं, हे तिला सासूनं शिकवलं होतं. खिडकीत ठेवलेलं रोप एका दिवसात काचेकडे झुकतं. मलाशाकडे शेपू होता, दुखोबोरांच्या घरात तो असतोच, त्याशिवाय बोर्श्टच्या सुपाला चव नाही. तिनं पाच पेल्यांत शेपूची चार-चार बोटांची रोपं लावली. सकाळी दिवे विझायच्या आधी एक-एक पेला चार कोपऱ्यांत ठेवला आणि पाचवा दाराशी.

संध्याकाळी पाचही पेले झुकलेले होते. तिनं प्रत्येक पेल्यापासून, रोप झुकलं होतं त्या दिशेनं, जमिनीवर दोरी ताणली. पाचही दोऱ्या एका जागी येऊन मिळाल्या. मागच्या भिंतीच्या मध्यावर, खाली, जिथे काँक्रीट जमिनीला टेकतं. तिनं तिथे हात लावला. भिंत थंडगार होती.

तिनं खडूनं फुली मारली. दुसऱ्या दिवशी ताजे पेले ठेवले. संध्याकाळी दोऱ्या फुलीवर मिळाल्या नाहीत. दोन फूट अलीकडे मिळाल्या, भर वाटेत, उघड्या फरशीवर.

"वारा," कुझ्मा म्हणाला. "पंख्यांनी झुकवली असतील."

तिनं तिसऱ्या दिवशी प्रत्येक पेल्यावर लोणच्याची काचेची बरणी पालथी घातली. वाऱ्याला शिरायला जागाच नाही. संध्याकाळी बरण्यांच्या आत रोपं काचेला टेकली होती. दोऱ्या मिळाल्या त्या भिंतीपासून चार फुटांवर.

कुझ्मानं बराच वेळ खडूच्या तीन फुल्यांकडे पाहिलं. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला.

"रात्री, दिवे लागलेले असताना, ही जागा सरकते का?"

"नाही. सकाळी तिथंच असते. अंधारातच सरकते."

"कापून टाक सगळं, मलाशा. आत्ताच. अर्धा माल तरी हाती लागेल."

"अर्धवट माल कोण घेतं? तपासणीत नापास. म्हणजे वासिल जिंकला."

"वासिलचं सोड. मी अस्वलाच्या तोंडासमोरून पळालोय, मला लाज नाही वाटली. हे सरळ दाराकडं निघालंय, बाई."

ते तर तिलाही दिसत होतं. बावीस फुटांतले चार झाले होते. कापणीला अजून पंधरा दिवस होते आणि दोन-दोन फुटांनी दार गाठायला नऊ. हा हिशेब तिनं दहा वेळा केला होता आणि दहाही वेळा तोच आला. मलाशाला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त तिला राग येत होता. आपल्या खोलीत, आपण बांधलेल्या, आपल्या नियमानं चालणाऱ्या खोलीत, कोणीतरी न विचारता चालत होतं.

४

सहाव्या आठवड्याच्या शेवटी वासिल जेवायला आला. स्वभावानं माणूस वाईट नव्हता. बोर्श्टमध्ये साय घालून दोन वाट्या जेवला, पीटरच्या आठवणी काढल्या, रुमालानं मिशा पुसल्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की फुलोरा कसा आहे. कुझ्मा गावात काहीबाही बोलत होता म्हणे.

मलाशानं सांगितलं, फुलोरा उत्तम आहे.

"तुझे हात बघ," वासिल म्हणाला. "बोटांना घट्टे पडलेत. चेहरा उतरलाय. वहिनी, कोणासाठी चाललंय हे? तुझी लेक नाद्या तिकडं केलोनात सुखात आहे. तिला इथं यायचं नाही. दादा गेला. एकटी या डोंगराला धरून बसून काय मिळवणारेस?"

"डोंगर."

"मस्करी नको. काही अडलं असेल तर आत्ता सांग. मी उद्या कागद आणतो, तू सही कर, परवा तुझं सामान हलवू. हरल्यासारखं वाटू देणार नाही मी तुला."

एक क्षण असा आला की मलाशाला ते सगळं हवंहवंसं वाटलं. लिफ्ट, शेजारी, रस्त्यावर दिवे. ती उठून खिडकीशी गेली. समोर तीन पायऱ्या आणि ते पांढरं दार. त्या संध्याकाळी दोऱ्या कुठे मिळतील ते तिला ठाऊक होतं. दारापासून आठ फुटांवर. उद्या सहा.

"माझ्या सासूला बंदूकधारी शिपाई या घरातून काढू शकले नाहीत," ती म्हणाली. "ती दारात बसून राहिली. चार दिवस. तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास. मला कोण काढणार?"

वासिलला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं खांदे उडवले, जाताना नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. दुखोबोर एकमेकांना वाकतात, कारण समोरच्यात देव असतो असं ते मानतात. मलाशाही वाकली. मग आत येऊन तिनं पीटरची जुनी लाकडी खुर्ची उचलली.

५

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ती आत गेली, दार लावून घेतलं आणि खुर्ची दाराला पाठ लावून ठेवली. तोंड मागच्या भिंतीकडे. तिच्या पायांपासून सहा फुटांवर आदल्या संध्याकाळची फुली होती. सातला दिवे विझले.

सकाळ गेली. ती पंखे ऐकत बसली. समोरून, मागच्या पंख्याचा वारा वाटेनं सरळ येऊन तिच्या कपाळावर लागत होता. तो गार वारा तिला आवडला. त्यामुळे डुलकीही येत होती. आपण बासष्टाव्या वर्षी खुळ्यासारख्या अंधारात बसलोय, असं तिच्या मनात आलं आणि ती जराशी हसली. ओल शोषणारं यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. कुठेतरी पाणी टपकत होतं.

मग कपाळावरचा वारा थांबला.

पंखा चालू होता. तिला तो ऐकू येत होता. आवाज फक्त घोगरा झाला होता आणि वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मलाशानं खुर्चीचे हात घट्ट धरले. मोटार अडकली असेल. पान आडवं आलं असेल. एवढं मोठं पान कुठल्या झाडाला असतं, असं तिच्याच मनानं तिला विचारलं.

तिला पानांच्या कडा दिसू लागल्या.

आधी वाटलं डोळ्यांचा खेळ. पण कडा ठळक झाल्या, दातेरी, एक-एक दात वेगळा. मग पानांच्या सावल्या भिंतींवर उमटल्या आणि त्या सावल्या हलल्या. हातात दिवा घेऊन कोणी वाटेनं चालावं आणि दोन्ही बाजूंच्या सावल्या मागे मागे फिरत जाव्यात, तशा. चाल संथ होती. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग एक पाऊल.

वाटेत, कमरेएवढ्या उंचीवर, लालसर काहीतरी होतं. मेणबत्ती वाऱ्यात नेताना आपण ती ओंजळीत झाकतो आणि बोटांच्या कडा आतून लाल दिसतात. ती बोटंच होती. चार पंख्यांच्या वाऱ्यातून कोणीतरी काहीतरी विझू न देता जपून आणत होतं. मलाशानं सातपर्यंत बोटं मोजली आणि पुढे मोजायचं सोडून दिलं, कारण तोवर एकाच हाताची चालली होती.

वरचं काही दिसत नव्हतं. उजेड पोटाशी धरलेला, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. बुटकं होतं, एवढं कळलं. आणि ते तिच्याकडे बघत नव्हतं. ते एका बाजूला कललं होतं, वाटेत उभ्या असलेल्या माणसाच्या आडून बघायला आपण कलतो तसं. ते तिच्या खांद्यावरून दाराच्या कडीकडे बघत होतं.

उठावं, दार ढकलून उन्हात पडावं, हे सगळं तिच्या पायांना हवं होतं. मागे हात नेला असता तर कडी होती. पण कडी काढली की दार उघडणार, ऊन आत येणार, चौसष्ट झाडं जाणार. आणि दार उघडणार ते तिच्या एकटीसाठी नव्हे.

"दार सातला उघडतं," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "संध्याकाळी सातला, दिवे लागल्यावर. त्याआधी मंत्री आला तरी नाही उघडत."

लाल बोटं आवळली. उजेड कमी झाला आणि पानांच्या कडा एकेक करून गेल्या. वारा मात्र कपाळावर परत आला नाही. मलाशा संध्याकाळपर्यंत तशीच बसली, अंगावरचे कपडे घामानं चिकटलेले, डोळे मिटायचेसुद्धा नाहीत म्हणून मोठे केलेले. सातला दिवे लागले. समोर पांढरी खोली, हिरवी झाडं, कोणी नाही. तिनं दोऱ्या ताणल्या. त्या तिच्या बुटांपासून चार फुटांवर मिळाल्या.

तिला रडू आलं. मनसोक्त रडून झाल्यावर तिनं चिमटा घेतला आणि त्या दिवसाची केळी खुडली.

६

त्यानंतरचे नऊ दिवस मलाशा रोज खुर्चीवर बसली, सकाळी सात ते संध्याकाळी सात. नऊही दिवस दोऱ्या चार फुटांवरच मिळाल्या, इंचभरही पुढे नाही. कधी कडा उजळायच्या, कधी नाही. वारा कधीच लागायचा नाही. ती त्याच्याशी बोलायला लागली. प्रेमानं नव्हे, रेल्वेत जागेवरून भांडणाऱ्या बाईसारखी. तुझं काम तिकडे, भिंतीपलीकडे, तिकडे जा म्हणायची. एक दिवस तिनं घसा मोकळा सोडून प्रार्थनेची गाणी म्हटली, तिच्या लोकांत म्हणतात तशी लांबलचक, वाद्याशिवाय. मधेच पंख्यांच्या घुमण्यात खालचा सूर लागल्यासारखा वाटला तेव्हा मात्र ती गप्प बसली आणि पुन्हा कधी गायली नाही.

कुझ्मा कापणीला आला. दिवे लागलेले असतानाच आला आणि वाटेतल्या शेवटच्या फुलीवर त्यानं चुकूनही पाय ठेवला नाही. माल वाळला, तपासणी झाली. बी एकही निघालं नाही. खरेदीदाराकडच्या पोरीनं तुरा नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाली, की या वर्षी असा माल खोऱ्यात दुसऱ्या कोणाकडे नाही. मलाशाला इतका आनंद झाला की तिनं पोरीला मिठी मारली.

रिकाम्या खोलीतले दिवे तिनं चोवीस तास चालू ठेवले होते. उजेडात ते सरकत नाही, हे तिनं रोज पाहिलं होतं. आता झाडं नव्हती, अंधाराची गरज नव्हती. जळू देत दिवे वर्षानुवर्षं, तिला परवडणार होतं. गुरुवारी ती निश्चिंत मनानं कॅसलगारला गेली. वकिलाच्या टेबलावर वासिलनं आपल्या हिश्श्याच्या कागदावर सही केली. शब्दाला जागला तो. बाहेर येऊन त्यानं वहिनीला आइस्क्रीम खाऊ घातलं आणि म्हणाला, की दादा असता तर तुझ्याच बाजूनं उभा राहिला असता. मलाशा गाडीत एकटी असताना मोठ्यानं हसली. जमीन तिची होती. आता तिला तिथून कोणी हलवू शकत नव्हतं.

घरी पोचली तर कुझ्मा पायरीवर बसला होता.

"दुपारी वीज गेली होती," तो म्हणाला. "वणव्यामुळं तारा बंद केल्या म्हणे. चाळीस मिनिटं."

दोघांनी मिळून पेले ठेवले. वरून आठ दिव्यांचा उजेड कोसळत होता, तरी दुसऱ्या सकाळी शेपूची रोपं आडवी झुकली होती. दिवसाला दोन फूट सरकणारं ते चाळीस मिनिटांत चार फुटांहून जास्त पुढे आलं होतं. दोऱ्या जिथे मिळाल्या तिथून दार हातभर लांब होतं. खुर्ची जेमतेम मावेल, एवढंच.

७

"जाऊ दे त्याला," कुझ्मा म्हणाला. "दार उघडं टाकू, आपण दोघं माझ्या घरी जाऊन बसू. जाईल निघून आपल्या वाटेनं."

"कुठं जाईल? पायऱ्या उतरलं की माझं स्वयंपाकघर आहे."

"मग तू ये निघून. विक सगळं. आता तर तुझंच आहे."

मलाशानं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तोही याच लोकांतला होता, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं खुर्ची आत नेली, दाराला टेकवून ठेवली, तिच्या पाठीमागे उशी दिली. दिवसातून दोनदा तो जेवण आणून पायरीवर ठेवतो आणि दारावर टकटक करतो. त्यानंतर खोलीत आत यायला मात्र त्यानं साफ नकार दिला आहे, आणि मलाशानं त्याला त्याबद्दल कधी टोमणा मारलेला नाही.

दिवे चालू असताना ती उठते, न्हाणीघरात जाऊन येते, पाय मोकळे करते, पण घाईघाईनं, कान वरच्या तारांकडे लावून. झोपते खुर्चीतच. ऑक्टोबरात नाद्याचा फोन आला. सणाला ये म्हणाली, निदान दोन दिवस, नातू आठवण काढतो, आणि आता तर तू जिंकलीस ना, आता कसली अडचण. मलाशा म्हणाली की अडचण काही नाही, मला इथेच राहायचं होतं, मी राहिलेय. मग इकडचं तिकडचं बोलली, नातवाच्या दातांची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ हुंदके देत होती.

त्या आठवड्यात पहिलं मोठं वादळ आलं. दुपारचे दोन वाजले असतील. वर नदीकाठी कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि दिवे गेले. पंखेही गेले. या खोलीत इतकी शांतता तिनं पूर्वी कधी ऐकली नव्हती.

"वीज जाते," मलाशा अंधारात म्हणाली. "मी जात नाही."

तिनं पाठ दाराला घट्ट रेटली आणि दोन्ही तळपाय फरशीवर रोवले. वारा नव्हता, त्यामुळे उजेड झाकायचं कारण उरलं नव्हतं. समोरची लाल बोटं सावकाश उघडली. उजेडात तिला स्वतःचा स्कर्ट दिसला, मांडीवरचे हात दिसले, नखं दिसली. वर बघायचं नाही, असं तिनं ठरवलं. गुडघ्यांना ऊब लागली, तरी तिनं पाय मागे घेतले नाहीत.